डोक्यापासून पोटापर्यंत

मी एक जुनी नळी आहे. जाडी पेनातल्या रिफिलीएवढी, वास नाही, आवाज नाही. मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. एरवी तुमची नि माझी मैत्री असण्याचे काही कारण नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना मी ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते माझा विषय निघाला की आवाज खाली आणतात.

तुमच्या प्रत्येकाच्या मेंदूत रोज पाणी तयार होते, साधारण अर्धा लिटर. ते आपल्या वाटेने झिरपून रक्तात मिसळते, म्हणून तुम्ही खुशाल मान ताठ करून हिंडता. एका मुलीच्या डोक्यातली ही वाट जन्मापासून बंद होती. पाणी साचत गेले, डोके फुगत गेले, टाळू ताठ झाली. ती अकरा आठवड्यांची असताना मला तिच्यात बसवले. माझे एक टोक मेंदूतल्या पोकळीत, मग उजव्या कानामागे एक छोटी झडप, तिथून कातडीखालून मान, छाती आणि शेवटी पोट. डोक्यातले जास्तीचे पाणी उचलायचे आणि पोटात नेऊन सोडायचे, एवढेच माझे काम. मुलगी वाढणार म्हणून माझे लांबलचक शेपूट तिच्या पोटात मोकळे सोडले होते. ती उंच होत गेली तशी मी सरळ होत गेले.

डोके आटोक्यात आले तेव्हा डॉक्टरांचे कौतुक झाले, बाळाचे झाले, रात्रंदिवस उशाशी बसलेल्या आईचे झाले. माझे नाव कुणी घेतले नाही. "पाणी उतरलं हो!" असे जो तो म्हणत होता. जणू ते आपल्या पायांनी उतरले होते.

तिच्या आईने मात्र मला विसरायचे नाही असे ठरवले, आणि तोही त्रासच झाला. कानामागची झडप कशी दाबून बघायची, हे कुणीतरी तिला एकदा दाखवले होते. कधीमधी, शंका आली तर. आईने ते रोजचे करून टाकले. सकाळी वेणी घालताना बोट माझ्यावर टेकायचे, दाबायचे, सोडायचे, मी पुन्हा फुगते का ते बघायचे. "चालू आहे," असे ती स्वतःशीच म्हणायची आणि मग पुढचा प्रश्न यायचा, "डोकं दुखतंय का?" शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर, जेवताना, हसताना. मुलगी हसली तरी आईला वाटे, ही नेहमीपेक्षा कमी हसली.

शाळेत तिला भोपळा म्हणत. गणितात ती मागे पडे, नवीन गल्लीत हमखास चुके, एका वेळी दोन कामे सांगितली की दुसरे विसरे. ती याचे खापर माझ्यावर फोडायची. मी काय करणार? मी येण्याआधीच त्या पाण्याने जे दाबायचे ते दाबून ठेवले होते. पण ऐकून कोण घेतो?

ती अठरा वर्षांची झाली आणि मुलांच्या दवाखान्याने तिची फाईल बंद केली. "इथं फक्त मुलं बघतात," खिडकीतल्या माणसाने सांगितले. आईने विचारले, मग आता कुठे जायचे? त्याने कागदावर लिहून दिले, 'मोठ्यांच्या दवाखान्यात दाखवणे.' कोणाला दाखवायचे, कधी, काही नाही. आई तो कागद उलटसुलट करून बघत राहिली. मुलगी मात्र जिना उतरताना मोठ्याने म्हणाली, "सुटले!"

पुढच्याच वर्षी एका सकाळी आईचे बोट नेहमीप्रमाणे कानामागे आले आणि मुलीने तो हात फटकन झटकला. फणी भिंतीवर जाऊन आदळली. ती म्हणाली, "मी काय प्रेशर कुकर आहे का, रोज शिट्टी बघायला? पुन्हा डोक्याला हात लावलास नाहीतर तो प्रश्न विचारलास, तर घर सोडून जाईन. खरंच जाईन."

आई घाबरली. तिने हात लावणे बंद केले, प्रश्न बंद केला, आणि माझी विचारपूस करणारे या जगात कुणी उरले नाही. मला ते बोट आवडत नव्हते. पण ते थांबल्यावर मला जास्तच राग आला.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. पुढे काउंटर, मागे काचा घासायची छोटी खोली. चाक फिरते आहे, त्यावर पाण्याची बारीक धार पडते आहे, आणि ही फ्रेमच्या मापाने काचेची कड घासते आहे. हातात एका वेळी एकच काच, एकच काम. तिला हे फार मानवले. उजवी काच आणि डावी काच यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ती ट्रेवर पट्ट्या चिकटवायची, आणि अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चष्मा परत आला नव्हता. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. काका सढळ तोंडाने कधी कुणाला चांगले म्हणत नसत, पण अवघड काच आली की ती हिच्याच पुढ्यात येई. केस कापणाऱ्या बाईने एकदा कानामागच्या उंचवट्याबद्दल विचारले तेव्हा ही म्हणाली, "लहानपणी पडले होते." दुकानात तर तिने तेवढेही सांगितले नाही. जिच्या जिवावर दिवस काढायचे तिलाच पडल्याची खूण म्हणायचे! असो.

ती एकतीस वर्षांची असताना मी मोडले. इतक्या वर्षांत माझ्यावर चुन्यासारखा थर चढून मी मानेत कडक झाले होते. माळ्यावरची पेटी काढायला तिने मान वर ताणली आणि मी कानाच्या खाली दुभंगले. तिला काही कळले नाही. तिच्या शरीराने माझ्याभोवती एक बोगदा तयार केला होता, त्यातून पाणी कसेबसे खाली जात राहिले. मी गप्प बसले. तुम्ही म्हणाल, नळी बोलणार कशी? बरोबर आहे. पण बोलता आले असते तरी मी बोलले नसते, एवढा माझा राग होता.

दोन वर्षांनी तो बोगदा आक्रसू लागला. सकाळी उठताना तिचे डोके ठणकू लागले. मग अक्षरे पुसट, मग एका दिव्याचे दोन दिवे. दुसऱ्या कुणाला निदान शंका तरी आली असती. पण ही पडली चष्म्याच्या दुकानातली. तिथे प्रत्येक दुखण्याला नंबर असतो. तिने स्वतःला नवा चष्मा केला. आठवड्याने काचांचे सेंटर, म्हणजे बुबुळासमोर यायचा बिंदू, बदलून दुसरा केला. तिसऱ्याला काकांनी फ्रेम बदलून दिली. "नाकावर नीट बसत नाही, दुसरं काही नाही," ते म्हणाले. चौथ्यात तिने वाकड्या नजरेला घालतात तसली जाड कडेची काच घातली आणि दोन दिव्यांचा एक दिवा झाला. त्या दिवशी ती किती खूश होती! स्वतःच्या हाताने स्वतःचा रोग झाकला आणि वर घरी जाताना मिठाई घेतली.

दहा दिवसांनी पुन्हा दोन दिवे दिसू लागले. तिच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या काचा उलटसुलट बसल्या. दुसऱ्याची काच फुटली.

"झोपेत काम करतेस का?" काका ओरडले.

"तुम्ही काचाच तकलादू आणता," ती म्हणाली.

घरी आई सगळे बघत होती, मुलगी एक डोळा झाकून घड्याळ बघते तेही. तो एक प्रश्न सोडून बाकीचे शंभर प्रश्न विचारत होती. डबा हलका देऊ का? खिडकी लावू का? आज सुट्टी घेतेस का? मुलगी एका शब्दाने उत्तर देई आणि न्हाणीघरात जाऊन उलटी करी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडी. मला मात्र तिच्या कवटीतला दाब दिवसेंदिवस चढताना जाणवत होता. असेच चालले असते तर आधी डोळे गेले असते, मग ती.

दुकानात दर मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्या मंगळवारी आई पिशवी घेऊन दुकानात आली, रांगेत बसली आणि नंबर आल्यावर तपासायच्या खुर्चीत जाऊन बसली.

"काय त्रास होतोय, आजी?"

"मला काही होत नाही," आई म्हणाली. "माझी मुलगी आत काचा घासते. तिला दोन-दोन दिसतंय. सकाळी उलटी करते आणि नळ सोडून ठेवते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्या डोक्यात नळी आहे हो, अकरा आठवड्यांची होती तेव्हापासून."

 काका काउंटरवरून म्हणाले, "कसली नळी?"

ओल्या हातांनी मुलगी बाहेर आली. "आई, तू इथं काय करतेस?"

"डोळे दाखवायला आलेय."

"खोटं बोलू नकोस! गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढायला आलीस तू."

"काढली," आई म्हणाली. "आता बस या खुर्चीत."

"नाही बसणार. तू ऊठ आणि घरी जा."

काकांचाही पारा चढला. "चार चष्मे करू दिले मी तुला. चार! एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"उघडलं असतं तर ठेवलं असतंत कामावर?"

 काका काउंटरवरची काच पुसू लागले. डॉक्टरीणबाई उठल्या, मुलीचा दंड धरून तिला खुर्चीत बसवले आणि म्हणाल्या, "भांडण नंतर करा. मला दोन मिनिटं द्या." त्यांनी दिवा मारून तिच्या डोळ्याच्या आतपर्यंत पाहिले. मग दुसऱ्या डोळ्यात पाहिले. मग पुन्हा पहिल्या.

"हे चष्म्याचं काम नाही," त्या हळू म्हणाल्या. "डोळ्यामागच्या नसा सुजल्यात. डोक्यात दाब वाढलाय. उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता निघा."

गाडीत मायलेकी दोन खिडक्यांना दोघी बसल्या. मुलगी म्हणाली, "आजपासून मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"नको बोलूस," आई म्हणाली. "फक्त जागी राहा."

मोठ्यांच्या दवाखान्यात माझा डोक्यापासून पोटापर्यंत फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला. मानेत दोन बोटांची फट पडली होती. वरचा तुकडा वर, खालचा खाली घसरलेला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते, तेही मोडल्यावर. त्याच दुपारी तिच्या डोक्यात डाव्या बाजूने नवी नळी घातली. मी त्या नव्या नळीशी अजून एक शब्द बोललेले नाही. गुळगुळीत आहे, मापात आहे, तिच्या झडपेचा दाब म्हणे बाहेरून चुंबक लावून बदलता येतो. करू दे काम. तीही एक दिवस तुंबेल.

मुलगी वाचली. डाव्या डोळ्याची बाहेरच्या कडेची नजर मात्र गेली, कायमची. तिथून कुणी आले तर तिला दिसत नाही. एवढे कधी गेले? चौथ्या चष्म्याच्या त्या दहा दिवसांत, असे डॉक्टरांचे मत पडले. मी ऐकले आणि पहिल्यांदाच मला माझ्या रागाची लाज वाटली.

"जुनी नळी आतच ठेवलीय," डॉक्टरांनी सांगितले. "मानेत पार चिकटून बसलीय. ओढून काढण्यात धोका जास्त."

"मोडकी वस्तू आत ठेवून कसं चालेल?" आईने विचारले.

डोक्याला पट्टी बांधलेली मुलगी डोळे मिटूनच बोलली. आईशी नव्हे, डॉक्टरांशी. "राहू दे तिला. पुष्कळ केलं तिनं. आता तिला कुणी काम सांगू नका."

मित्रांनो, मी खडूस आहे, कबूल. पण त्या वेळी मला काय वाटले ते मी तुम्हाला सांगणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी टाके पाहिले आणि कागदावर सही केली. "छान आहे सगळं. त्रास झाला की या."

"नाही," ती म्हणाली. "मला त्रास नसताना यायची तारीख द्या."

"त्रास नसताना?"

"हो. त्रास झाला की मी चष्मे करते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर घेतले, पाने उलटली आणि एका चौकटीत तिचे नाव लिहिले. खाली स्वतःचेही लिहिले. "बरोबर कोण येईल?"

 आईकडे न बघता ती म्हणाली, "ही येईल. ऐकतेय कुठं कुणाचं?"

आईने पिशवीतून पेन काढून ती तारीख आपल्या तळहातावर लिहून घेतली.

तर असे हे माझे आयुष्य. मला कुणाची कीव नको, आभार तर नकोतच. पण तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी माझ्यासारखीला घेऊन जगणारे कुणी असेल, तर त्याच्या डोक्याकडे टक लावून बघू नका आणि त्याला भोपळाही म्हणू नका. दाखवायला जायची पुढची तारीख कधी आहे, एवढेच त्याला विचारा. तो चिडेल. चिडू दे.