टार्व्हर विरुद्ध राज्य

ओडेसा टार्व्हरने विधिमंडळाच्या नव्या नकाशावर बोट ठेवलं आणि मतदारसंघाच्या रेषेवरून ते हळूहळू खाली आणलं. चर्चपासून रेषा सरळ आली आणि ओडेसाच्याच घरापुढच्या रस्त्याच्या मधोमध धावली.

"मला शेजारच्या मतदारसंघात ढकललं की मेल्यांनी!"

"मग तुमचा दावा उभाच राहत नाही," तिची वकील प्रिसिला म्हणाली. "ज्या मतदारसंघाबद्दल तक्रार, तिथलाच मतदार फेडरल कोर्टाला लागतो. शुक्रवारी न्यायाधीश आधी तेच विचारतील."

साऱ्या काळ्या लोकांच्या वस्त्यांची मतं एकाच मतदारसंघात कोंबायची, म्हणजे बाकी ठिकाणी त्यांना विचारायला नको, हा राज्याचा जुना कावा. निवृत्त शिक्षिका ओडेसा त्याविरुद्ध चार वर्षं झगडत होती. नोकरी जाईल या भीतीने दुसरं कुणी सही करायला धजावलं नव्हतं.

"रस्त्याची पलीकडची बाजू अजून मतदारसंघात आहे," प्रिसिला म्हणाली. "समोर कोण राहतं?"

ओडेसाने नकाशाची घडी घातली. समोर व्हर्डेल राहत होती, तिच्या मेलेल्या भावाची बायको. लुशियसला जाऊन वर्ष होत नाही तोच ती एका सुताराबरोबर फिरू लागली, तेव्हा ओडेसाने चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत तिला सुनावलं होतं, यापुढे टार्व्हर म्हणवून घेऊ नकोस. तेव्हापासून दोघींचा अबोला. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. ओडेसाने रविवारची हॅट डोक्यावर चढवली आणि प्रिसिलाला घेऊन रस्ता ओलांडला.

"या वन्सं," व्हर्डेल दारातूनच म्हणाली. "वाट चुकलात वाटतं."

"त्यांनी मला मतदारसंघाबाहेर काढलंय. तू अजून आत आहेस. खटल्याला तुझी सही हवी, नाहीतर सगळं पाण्यात जाईल."

"आणि माझी गिरणीतली नोकरी गेली तर? जेवू तुम्ही घालणार?"

"घालेन."

"रोज?"

"रोज. बोलणी खात जेवावं लागेल, एवढंच."

व्हर्डेलला हसू आलं, पण ते तिने दाबलं. प्रिसिलाच्या हातातलं पेन घेऊन तिने कागदावर आपलं नाव लिहिलं आणि थांबली.

"आडनाव काय लिहू? माहेरचं?"

"टार्व्हर लिही," ओडेसा म्हणाली. "तुझंच आहे ते."

व्हर्डेलने एकेक अक्षर दाबून लिहिलं.