समुद्रातलं गवत

एडक्याच्या पोटाखाली बांधलेलं फडकं सोडायला लिंबाजी खाली बसला, तोच मागून बायकोचा, सिंधूबाईचा आवाज आला.

"आवं, हे काहून सोडून राहिले? आखाड यायचाय अजून."

लिंबाजीने ऐकू न आल्यासारखं केलं. गाठ उन्हाळाभराच्या धुळीने आणि घामाने घट्ट बसली होती, नखं लागत नव्हती. एडक्याला काहीतरी कळलं असावं. तो एका जागी ठरेना. मालकही गाठीला दात लावून ओढायला लागला. दोघांत जास्त उतावीळ कोण, हे सांगणं अवघड होतं.

सेनगावच्या पुढे माळाला लागून असलेल्या त्या वस्तीवर, मेंढ्या अवेळी गाभण राहू नयेत म्हणून बांधलेली एडक्यांची फडकी आखाडातल्या पहिल्या रविवारीच सुटायची. बिरोबाच्या दगडावर भंडारा उधळायचा आणि सगळ्यांनी मिळून आपापले एडके मोकळे करायचे. तोवर मेंढ्यांवर त्यांची नुसती चरफड. पाच महिन्यांनी सगळ्यांच्या मेंढ्या मागेपुढे विणार, कोकरं बरोबरीने चालती होणार, आणि मग सगळे कळप एकत्रच खतासाठी शेतोशेती बसायला निघणार, असा तो हिशेब होता. एकट्यानेच महिनाभर आधी एडका सोडायचा म्हणजे पंगत बसायच्या आत पत्रावळ ओढून जेवायला लागण्यासारखं होतं.

आणि लिंबाजी तसला माणूस नव्हे. बैठकीत तो कधी काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्न थोरल्यांनी जमवलं, कळप बापाने दिला, रस्ता पुढच्या मेंढराने दाखवला. हा आपला काठी घेऊन मागून चालला. त्याच्या नावावर सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. त्याची मुलगी सत्यशीला शिकली आणि पार रत्नागिरीला, समुद्रावर नोकरीला लागली. ती काय करते असं कुणी विचारलं, की तो म्हणे, "पाणी बघती." कुणी आणखी खोदून विचारलं तर तो मेंढरांकडे निघून जाई, कारण पुढचं त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झालं चैत्रात. सत्यशीला सुट्टीवर आली होती. लहानपणासारखी बापाबरोबर मेंढरांमागे हिंडायला निघाली, आणि सुकल्या माळावरून चालता चालता म्हणाली, "आबा, समुद्रातबी गवत असतं. डोळ्याला दिसत न्हाई. पाण्यात तरंगून राहतं. प्लवक म्हणतेत त्याला."

लिंबाजीने तो शब्द एकदा तोंडात घोळवला आणि सोडून दिला. गवत मात्र त्याला लगेच कळलं. मग तिने सगळंच सांगितलं. मलमलीहून बारीक कापडाचं जाळं होडीमागून ओढायचं, तळाच्या बाटलीत हिरवटसा गाळ जमतो, तो यंत्राखाली धरायचा. त्या गवतावर बारीक जीव चरतात, त्या जिवांवर माशांची पिल्लं जगतात. गवताला लागणारं खत असतं खोल, गार पाण्यात. ते पाणी वर आलं की समुद्र हिरवा होतो. पण आता वरचं पाणी तापायला लागलंय, खालचं गार पाणी वेळेवर वर येत नाही. गवत कधी आधीच येऊन मरून जातं, कधी धड येतच नाही. तारली माशाची पिल्लं आपल्या वेळेला निघतात, तेव्हा खायला काही नसतं. बंदरावरच्या होड्या रिकाम्या परत येतात.

लिंबाजी जागच्या जागी थांबला.

"म्हंजी गवत आधी, अन् कोकरं मागून."

"व्हय आबा. बराबर तसंच."

गेली दोन वर्षं त्याच्याकडे हेच झालं होतं. मार्गशीर्षात मेंढ्या व्याल्या तेव्हा माळ करपून गेला होता. मेंढ्यांना दूध नाही. कोकरं कोरडे सड ओढत राहिली आणि ओढता ओढताच आडवी झाली. आपल्याच हाताला बरकत नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. कुणापाशी बोलला नव्हता. आता एवढ्या मोठ्या समुद्रातही तेच चाललंय म्हटल्यावर त्याला आधी हायसं वाटलं, आणि मग जी रुखरुख लागली ती लागलीच. लेक गेली, पण तिचं बोलणं गेलं नाही. भाकरी खाता खाता तो उठून बाहेर बघून येई. बांधावर बसून माती बोटाने उकरी. सिंधूबाई म्हणाली, तुमच्या पायाला काय इंगळ्या डसल्यात का. आणि नेमका त्या वर्षी वैशाखातच पाऊस आला, एकदा नव्हे, लागोपाठ. ऐन उन्हाळ्यात माळावर हिरवी लव दिसायला लागली. गवत आधी आलं होतं. मग कोकरांनी मागून का यावं?

गाठ शेवटी सुटली.

"तुमी वस्तीला इचारलं का?" सिंधूबाई म्हणाली.

"समुद्राला इचारलं," लिंबाजी म्हणाला. वेळेवर उत्तर सुचण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात फार आला नव्हता, म्हणून तो स्वतःच जरा चमकला.

दुसऱ्या दिवशी उकंडराव आला. तो सिंधूबाईचा सख्खा भाऊ, वस्तीवर वजन असलेला माणूस, आणि चालताना दोघांचे कळप नेहमी शेजारी. तो आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण त्याने चहासुद्धा उभ्यानेच घेतला.

"दाजी, लेकरू तिकडं समुद्रावर हाय. मेंढरं कयाधूच्या काठावर हायत. एवढं ध्यानात असू द्या."

त्यानंतर तो लिंबाजीशी बोलेनासा झाला. लिंबाजीलाही वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आतून थोडा गर्वही झाला होता. मेंढ्या पटापट गाभण राहिल्या. पावसाळाभर गवताला कमी पडलं नाही. माणसं वळून त्याच्या मेंढ्यांच्या भरल्या पोटांकडे बघत आणि हा मुद्दाम त्यांच्या दारावरून कळप नेई.

दिवाळीच्या तोंडावर मेंढ्या विऊ लागल्या. काळी, पांढरी, ठिपक्यांची कोकरं, आणि दूध असं की एका कोकराला आवरेना. सत्यशीलेला फोन लावून त्याने नुसता कोकरांचा ओरडा ऐकवला. ती पलीकडे हसत होती.

आणि मग, जायची वेळ झालेला पाऊस परत आला.

तो थांबलाच नाही. माळाचा चिखल झाला, चिखलाचं पाणी झालं. मेंढरांच्या अंगाखाली हातभर कोरडी जागा उरली नाही. अंगावर अजून धड लोकरही न आलेली कोकरं गारठ्याने आखडायला लागली. लिंबाजी आणि सिंधूबाई ती पदरात, घोंगडीत गुंडाळून शाळेच्या ओसरीवर नेत होते; ओल्या तुराट्या पेट घेत नव्हत्या, नुसता धूर होत होता. न बोलणारा उकंडराव दोन्ही काखांत कोकरं घेऊन चिखलातून येताना दिसला, तेव्हा लिंबाजीला आधार वाटायच्या ऐवजी मेल्याहून मेल्यासारखं झालं. उकंडरावाच्या मेंढ्या अजून गाभण होत्या. त्याची कोकरं पोटात होती, उबेला होती.

पाऊस उघडला तेव्हा ओसरीवर मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक मोठा खड्डा घेतला आणि मीठ टाकून सगळी एकातच पुरली.

सत्यशीलेचा फोन आला, की तो म्हणे, "हायत. बराबर हायत." तिने कोकरांचा आवाज ऐकवा म्हटलं, तेव्हा रेंज नाही म्हणाला.

पण ती आलीच. सेनगावला एसटीतून उतरून, जीपने फाट्यापर्यंत आणि तिथून चालत. घरी माय भेटली, पण मायने तिला थेट रानाकडे पाठवलं; आपल्या तोंडून सांगायला तिला जमलं नाही. सत्यशीला बांध चढून वर आली तर बाप उकिडवा बसून मेंढी पिळत होता. बाकीच्या मेंढ्या ताठलेल्या कासा घेऊन, पाय फाकवून उभ्या होत्या आणि हाका मारत होत्या. त्यांना उत्तर देणारं कुणी नव्हतं. धनगराची पोर ती, तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

ती बापाच्या समोर येऊन उभी राहिली. "माह्या बोलण्यावरून सोडला व्हता का एडका?"

"तू समुद्राचं सांगितलं," लिंबाजी वर न बघता म्हणाला. "इथलं म्या केलं."

ती त्याच्या शेजारी बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं. मग तिने सांगितलं, की औंदा आमचंही चुकलं. गवत आधी येणार म्हणून आम्ही होड्या घेऊन थांबलो होतो, ते आलंच नाही. आलं तेव्हा भलतंच आलं, पिल्लांनी तोंडही न लावण्यासारखं. आता पुढच्या वर्षीचं विचारलं तर कुणालाच काही सांगता येत नाही.

"मंग आता काय करता तिकडं?"

"रोज जातो. जाळं सोडतो. बघतो."

"काई नसलं तरी?"

"तरी."

लिंबाजीने मान हलवली आणि दुसरी मेंढी पुढे ओढली. सत्यशीलेने बाह्या सारल्या, एक मेंढी आपल्याकडे घेतली. हात सवय विसरले नव्हते. भांडं भरत आलं, तेव्हा तिने विचारलं, एवढ्या दुधाचं करता तरी काय?

"वस्तीवरच्या लेकरायला देतो. आटू द्यायचं न्हाई." त्याने पुढच्या मेंढीची कास चाचपली. "तुह्या मामाच्या मेंढ्या म्हैन्यानं वितील. गवत तवर टिकतं का न्हाई, कोण सांगावं. त्याच्या कोकरायला लागंल."

"मामा बोलतो का तुमच्याशी?"

"न्हाई."

मोकळी झालेली एक काळी मेंढी कळपात न जाता ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली आणि तिथल्या ताज्या मातीला नाक लावून उभी राहिली. तिच्यामागून आणखी दोन गेल्या. सत्यशीला त्यांना वळवायला उठली, तर लिंबाजीने तिला हाताने खाली बसवलं. पलीकडच्या रानात चारा चांगला होता, उन्हं वर येत होती, निघायची वेळ होऊन गेली होती. त्या दिवशी त्याने कळप तिथून हलवलाच नाही.