एका चहाचा बिल्ला आणि बिनमालकाचं नाणं

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, एका कडेला वाकलेला. माझ्या एका बाजूवर 'झुं' हे अक्षर ठोकलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूवर कपबशी. बशी आता झिजून गेली आहे, कप तेवढा दिसतो. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसणारे सहसा मोठ्या मनाचे असतात, निदान तसं दाखवतात तरी. मी तसा नाही. मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा हिरमोड व्हायला नको.

माझा जन्म चाळीसेक वर्षांपूर्वी सुट्ट्या पैशांच्या टंचाईत झाला. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात, एसटीच्या थांब्याला लागून, झुंबररावांचं चहाचं हॉटेल होतं. चहा होता आठ आण्यांना. गिऱ्हाईक रुपया पुढं करी आणि झुंबररावांच्या गल्ल्यात परत द्यायला आठ आणे नसत. मग कुणी त्या बदल्यात लिमलेटच्या गोळ्या घेई, कुणी रुपया परत खिशात घालून उद्या देतो म्हणत सटके, कुणी भांडे. या कटकटीला कंटाळून झुंबररावांनी घरातलं फुटकं घंगाळ उचललं, इंदापूरला एका कारागिराकडं नेलं आणि त्या पत्र्यातून तीनशे बिल्ले पाडून आणले. त्यातलाच मी एक.

नियम साधा होता. आठ आणे परत द्यायचे असतील तर एक बिल्ला द्यायचा, आणि बिल्ला परत आला की एक चहा द्यायचा. पण चहा कुणाला नको असतो? महिन्याभरात किराणा दुकानदार आम्हाला घेऊ लागला. गिरणीवाला घेऊ लागला. न्हावी तर दाढीचे दोन बिल्ले म्हणून स्वतःच मागायचा. एकदा कुणीतरी मला देवळाच्या पेटीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुजारी मला हॉटेलात आणून चहा पिऊन गेला. ते दिवस आठवले की मला अजून ताठ व्हावंसं वाटतं. सरकारी आठ आणे माझ्या शेजारी पडलेले असत आणि लोक आधी मला उचलत.

या थाटाला नजर लागली ती एका लग्नात. गावातल्या मुलीचं लग्न होतं, वऱ्हाड बारामतीकडचं. आमच्याकडं आहेर माइकवरून पुकारतात. आत्याबाईंकडून साडी, मामांकडून पाच भांडी, असं चाललेलं असताना माइकवाल्यानं चिठ्ठी वाचली, "मानसिंगराव यांजकडून बावीस बिल्ले." हा मानसिंग तेव्हा पंचविशीचा होता. त्यानं थट्टा केली नव्हती. बावीस बिल्ले म्हणजे रोख अकरा रुपये, असा त्याचा प्रामाणिक हिशेब होता, आणि शेळगावातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण वऱ्हाडाला आमची ओळख कुठून असणार? नवरदेवाच्या चुलत्यानं बिल्ले हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि विचारलं की हे बैलाच्या गळ्यात बांधायचे का. अर्धा मांडव हसला, अर्धा मांडव भांडायला उठला.

भांडणाची बातमी पोलीस ठाण्यात पोचली आणि तिसऱ्या दिवशी फौजदार हॉटेलात आले. त्यांनी आधी चहा घेतला, रोख पैसे दिले आणि मग झुंबररावांना समजावलं की पैसा पाडण्याचा हक्क फक्त सरकारचा आहे. हे आजच्या आज थांबवा, नाहीतर खटला भरावा लागेल. झुंबररावांनी मान डोलावली आणि दारावर पाटी लावली: 'बिल्ले बंद. ज्यांच्याकडे असतील त्यांनी चहा पिऊन जावे.' लोक येत राहिले. मधे साखर महागली, चहा आठ आण्यांवरून बारा आण्यांवर गेला, तरी एका बिल्ल्याला एक चहा मिळतच राहिला. तीनशे बिल्ले परत यायला दोन वर्षं लागली. बाकीचे मोडीत गेले. मला झुंबररावांच्या पत्नीनं, बनाबाईंनी, आठवण म्हणून मागून घेतलं.

पुढची कहाणी उपेक्षेची आहे. झुंबरराव गेले. हॉटेल त्यांचा मुलगा गोकुळ चालवू लागला. मी गल्ल्याच्या कोपऱ्यात पडलो. चहापत्तीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं की गोकुळ मला शोधायचा आणि माझ्या कडेनं ते उचकटायचा. माझी कड वाकली ती अशी. मग एक दिवस भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला गेला. गिऱ्हाईक त्याच्यासमोर फोन धरायचं आणि पैसे जमा झाले, असं एका डबीतून बाई बोलायची. पितळ नाही, ठोकलेलं अक्षर नाही, नुसता कागद, आणि त्याचा केवढा मान! मला त्याचा राग आला. पण खरा मत्सर काय असतो, ते मला अजून कळायचं होतं.

ते कळलं यशराजमुळं. यशराज हा बनाबाईंच्या लेकीचा मुलगा. काटेवाडीला राहतो, बारामती एमआयडीसीत कामाला जातो, रविवारी मोटारसायकलवरून आजीला भेटायला येतो. एका रविवारी त्यानं टेबलावर फोन ठेवला आणि त्यात एक नाणं दाखवलं. ते कुणी हातात घेतलेलं नव्हतं, कुणी घेऊ शकणारही नव्हतं. तरी सकाळपेक्षा संध्याकाळी ते महाग झालेलं असायचं. गोकुळची मुलगी निकिता डोळे मोठे करून त्याच्याकडं पाहत होती. अहो, मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो! आयुष्यभरात माझी किंमत एक चहा होती आणि एक चहाच राहिली. एकदाही वाढली नाही. त्या नाण्याकडं पाहून मी आतून हिरवा पडलो, आणि पितळेला हिरवं पडायला वेळ लागत नाही.

आता पेच कसा पडला ते सांगतो. गावातल्या अकरा बायकांचा बचत गट आहे. भेंडी, दोडका, कारली पिकवतात. स्वतःचा टेम्पो घेऊन माल थेट बारामतीच्या मार्केट यार्डात न्यायचा, म्हणून त्यांनी चार वर्षं पैसे साठवले होते. दोन लाख वीस हजार जमले होते आणि जुना टेम्पोही पाहून ठेवला होता. बनाबाई गटात होत्या, आणि फोनवरचा सगळा व्यवहार निकिता पाहत होती. यशराजचं म्हणणं असं की हे पैसे दोन-तीन महिने त्या नाण्यात ठेवा, जुन्याऐवजी नवा कोरा टेम्पो येईल. त्यानं स्वतःचे सव्वा लाख आधीच घातले होते. निकिताला ते पटत चाललं होतं. तिनं गटाची बैठक हॉटेलातच बोलावली.

बैठकीच्या आधी गिऱ्हाइकांतच वाद पेटला. तोच मानसिंग, आता मानसिंग तात्या, पेपर वाचत बसला होता. त्यात आलं होतं की जगभरची सरकारं असल्या खाजगी नाण्यांचं काय करावं याचा विचार करताहेत, कुणी बंदी घालतंय, कुणी कर लावतंय, आणि आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं स्वतःचाच डिजिटल रुपया काढला आहे. तात्यांच्या मते सरकार एक दिवस बाकीचं सगळं बंद करून आपलाच रुपया चालवणार. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. घाला बंदी! माझ्यावर घातली तेव्हा कुणाला दया आली होती?

यशराज हसला. "तात्या, बंदी घालणार कुणावर? त्याला मालक न्हाय, हापिस न्हाय, छापखाना न्हाय. फौजदार गाडी काढून जाणार कुठं?"

माझा आनंद तिथंच विरला. मला धरता आलं, कारण माझ्या मालकाचं हॉटेल थांब्याला लागून होतं. या पठ्ठ्याला धरायला जागाच नाही. पळायला किती सोपं! मला त्याच्या वाढत्या भावापेक्षाही त्याच्या बिनमालकीचा हेवा वाटला. आणि तो सरकारी डिजिटल रुपया, त्याचा तर वेगळाच हेवा. त्याला जन्मतःच सरकारचं आडनाव मिळालेलं. एक सरकारचा लाडका, दुसरा सरकारच्या हाती न लागणारा, आणि मधे मी, डबे उचकटणारा.

तात्या मात्र हार मानणारे नव्हते. ते म्हणाले की त्या नाण्याला धरता आलं नाही तरी त्याची वाट अडवता येते. आपला रुपया देऊन ते घ्यायचं आणि ते विकून पुन्हा रुपया घ्यायचा, ही दोन दारं बँकेतूनच जातात. सरकारनं बँकांना नको म्हणून सांगितलं की नाणं जिवंत राहील, पण घेणाऱ्याचे पैसे आत अडकतील. यशराजनं उत्तर दिलं की एवढी मोठी गोष्ट कुणी बंद करत नसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते. बायका गोंधळल्या. गटातल्या कुशाबाई म्हणाल्या की आम्हाला यातलं कळत नाही, निकिता सांगेल तसं करू. सगळ्यांनी निकिताकडं पाहिलं. ती पोर ओठ चावत फोनकडं पाहत होती. अकरा बायकांची चार वर्षं तिच्या बोटाखाली होती.

तेव्हा बनाबाई उठल्या. त्यांनी गल्ला उघडला, मला काढलं आणि फोनच्या शेजारी ठेवलं. किती वर्षांनी माझ्याकडं इतक्या डोळ्यांनी पाहिलं! बनाबाईंनी घंगाळापासून फौजदारापर्यंत सगळं सांगितलं. आहेराचं सांगताना तात्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मग बनाबाई नातीला म्हणाल्या, "बंदी येती का न्हाय, ते मला कळत न्हाय. ह्याच्यावर आली तवा लोक आमच्या दारात आले. त्याच्यावर आली तर तू ह्या बायकांना कुणाच्या दारात नेणार, तेवढं सांग."

"माझ्या दारात या की, आजी," यशराज म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मी मत्सरी असूनही मान्य करतो.

निकितानं त्याच्याकडं पाहिलं. "दादा, तुझं दार काटेवाडीला हाय, आमाला ठाऊक हाय. पण त्या नाण्याचं दार तुझं न्हाय."

तिनं फोन पालथा ठेवला. गटाचे पैसे बँकेतच राहिले आणि पुढच्या आठवड्यात जुना टेम्पो आला. त्याला हार घातला, पेढे वाटले, कुशाबाईंनी त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट लावलं. मला परत गल्ल्यात टाकलं गेलं. टेम्पो माझ्यामुळं आला हे कुणीही म्हणालं नाही. मी त्या टेम्पोचाही मत्सर केला.

तीन-साडेतीन महिन्यांनी यशराज रविवार नसताना आला. सरकारची बंदी वगैरे काही आली नव्हती. ज्या ॲपमध्ये त्याचं नाणं होतं ते ॲपच उघडत नव्हतं. आठ दिवस झाले होते. त्यातला फोन नंबर बंद होता, निरोपाला उत्तर नव्हतं. त्याचे सव्वा लाख त्यात होते. मित्रांनो, मला आनंद झाला. ज्याच्यावर मी इतके दिवस जळत होतो ते गायब झालं म्हणून मी गल्ल्यातल्या गल्ल्यात खूष झालो. मग यशराज कसा बसला होता ते मला गल्ल्याच्या फटीतून दिसलं. समोरचा चहा गार झाला तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता. माझ्यासाठी कधी कुणाचा चहा असा गार झाला नव्हता.

मानसिंग तात्या गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देतात. त्यांनी तक्रारीचा छापील कागद आणला आणि टेबलावर पसरला. पंख्यानं तो उडत होता, म्हणून बनाबाईंनी मला त्याच्यावर ठेवलं. यशराजनं स्वतःचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, रक्कम लिहिली. माझ्या अगदी कडेला पुढची ओळ होती: 'तक्रार कोणाविरुद्ध? नाव व पूर्ण पत्ता.' तिथं त्याचं पेन थांबलं.

तात्यांनी हलकेच विचारलं की कंपनीचं नाव तरी असेल. ॲपचं नाव होतं, पण ते चालवणारं कोण, ते कुठं राहतं, हे त्याला माहीत नव्हतं. एखादा मालक, एखादं हापिस? यशराजनं नकारार्थी मान हलवली. हेच शब्द त्यानं याच टेबलावर अभिमानानं उच्चारले होते, पण तात्यांनी त्याची आठवण काढली नाही.

यशराजनं कागदावरून मान वर करून विचारलं, "आजी, बंदी आली तवा आजोबा बिल्ल्यावर चहा देणार न्हाय, असं सरळ का म्हणाले न्हाईत? कुणी काय केलं असतं?"

बनाबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "त्यांचं घर सगळ्यांला ठाऊक व्हतं, बाळा. म्हणून तर फौजदार आला. आन म्हणूनच लोक बी आले."

मित्रांनो, ज्या बिनमालकीचा मी इतके दिवस हेवा केला, ती मला त्या दिवशी अगदी जवळून दिसली. ती एक रिकामी ओळ होती, आणि एक तरणा मुलगा तिच्यासमोर पेन धरून बसला होता. खाजगी नाण्यांवर बंदी घालावी की नाही, सरकारी डिजिटल रुपयानं त्यांची जागा घ्यावी की नाही, हे मोठी माणसं ठरवतील. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कदाचित तुम्हालाच ठरवावं लागेल. तोपर्यंत माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या कष्टाचे पैसे कुणाच्याही हाती द्या, पण देण्याआधी तो कागद डोळ्यांसमोर आणा आणि ती ओळ तुम्हाला भरता येते का, ते पाहा.