भृंगानंदांचं मडकं

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माग बंद ठेवून माणसं आली होती, कडेवर पोरं घेऊन बाया आल्या होत्या, आणि गादीवर उभे राहून भृंगानंद महाराज मातीचं मडकं उंच धरून गर्जत होते.

"गेल्या महिन्यात ह्या मडक्यात काय ठेवलं होतं?"

"मेलेला कोळी!" गर्दी ओरडली.

"मढं, मढं! पाय हलत नव्हता. आता बघा भृंगाच्या ध्यासाचा प्रताप!"

महाराजांनी झाकणाची माती फोडली, आत अंगाऱ्याची मूठ उधळली, आणि त्या धुरळ्यातून तांबूस पंखांची, निळी-काळी, बोटाएवढी गांधीलमाशी भर्रकन उडाली. जयजयकाराने पटांगण दणाणलं.

आता लोकांना तरी नावं कशी ठेवायची? किड्याला भृंग, म्हणजे गांधीलमाशी, कोंडून ठेवतो, किडा त्याचाच ध्यास घेतो आणि शेवटी भृंगच होतो, हा दृष्टांत सोलापुरात मराठी कीर्तनातही ऐकायला मिळतो आणि कानडी प्रवचनातही. मन कुठं गुंतवावं एवढं सांगायला केलेली ती उपमा. महाराजांनी ती मडक्यात भरली, आणि दोन्ही भाषांची माणसं एकदमच फसली.

गर्दीच्या मागे विज्ञानाचे शिक्षक चनबसप्पा मास्तर उभे होते, आणि त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. कारण ती माशी त्यांची होती! लग्नाआधीपासून दर रविवारी गावाबाहेरच्या माळावर पोटावर पडून त्यांनी ती पाहिली होती. आपल्याहून थोराड, केसाळ कोळ्याशी ती कशी झुंजते, डंख मारून त्याला कशी आडवा करते, मग उलट्या पावलांनी ओढत बिळात कशी नेते, हे सगळं त्यांनी जेवताना बायकोला कितीदा सांगितलं होतं. "जेवताना किडं नगंत," म्हणून काशम्मा भाकरी उलटायची. आणि आज तीच काशम्मा पहिल्या रांगेत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून बसली होती. त्या घटकेला मास्तरांना खऱ्याखोट्याची पर्वा नव्हती. माझ्याकडं हिनं कधी असं बघितलं नाही, एवढंच त्यांच्या पोटात दुखत होतं.

दुखायला दुसरंही कारण होतं. काशम्माचा भाऊ सिद्धाराम मागावर काम करता करता कोसळला होता. अर्धं अंग लुळं पडलेलं, बहिणीकडेच होता. ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराजांनी इतर रोग्यांना दिलं तसं त्याच्याही नावाने कोळी घातलेलं एक मडकं दिलं. देवघरात ठेवा, उघडू नका, कोळ्याला पंख फुटले की रोगी उठेल; आणि गोळ्या बंद, कारण औषधाच्या वासाने भृंग रुसतो. काशम्माने गोळ्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं.

"खोटं आहे हे!" मास्तर ओरडले. "कोळ्याची माशी होत नसते!"

महाराज गोड हसले. "मास्तर, वर्गातली पोरं तरी ऐकतात का तुमचं?"

हशा पिकला. "जळतोय मास्तर!" कुणीतरी म्हणालं. ते खरं असल्यामुळे मास्तर तडक घराकडे निघाले.

घरी काशम्मा कडाडली, "चारचौघांत माजी मान खाली घालाया लावली. महाराजांचं चांगलं बघवत न्हाय तुमाला!"

"न्हाय बघवत. जळतोय मी," मास्तर म्हणाले. "पण माझं जळणं सोड. सिद्धारामकडं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धारामच्या चांगल्या हातातून चहाचा पेला निसटला. 'अक्का' म्हणायला गेला तर तोंडातून नुसता घरघराट आला. काशम्मा धावली ती देवघराकडे. मास्तर मागोमाग गेले, पण या वेळी त्यांनी भाषण केलं नाही.

"मी काही सांगत नाही. तूच उघड. देव खरा असेल तर बघितल्यानं पळून जाईल का?"

तिने माती फोडून झाकण काढलं. कोळी उताणा पडला होता. मास्तरांनी केरसुणीची एक काडी पुढे केली. तिने हळूच पायाला लावली, आणि पाय हलला.

"अगं आई! जित्ता हाय ह्यो!"

"जिताच असतो. डंखानं लुळा होतो, मरत नाही. माशी त्याच्या अंगावर एक अंडं घालून जाते. पोटाशी बघ."

पोटाशी एक पांढरी, लठ्ठ आळी डोकं खुपसून बसली होती.

"ती त्याला जिता खाते. खाऊन संपला की कोष करते, कोषातून माशी निघते. महाराजांचे चेले बिळं उकरून असले कोळी अंड्यासकट आणतात. शेवटी उरलेली टरफलं अंगाऱ्याखाली झाकतात, आणि अंडं गळून पडलेलं असलं तर तुमची श्रद्धा कमी पडली म्हणतात. कोळ्याला पंख फुटत नाहीत, काशी. त्याला खाणाऱ्याला फुटतात."

काशम्माने एकदा मडक्यात पाहिलं, एकदा अंथरुणावरच्या भावाकडे. मग कमरेची किल्ली काढली.

"डॉक्टरला आना. पळा!"

डॉक्टर वेळेवर आले. सिद्धाराम वाचला.

पुढच्या दर्शनाला काशम्मा ते मडकं घेऊनच पटांगणात गेली. एकेकाच्या हातात काडी देऊन तिने कोळ्याचा पाय हलवून दाखवला.

"झाकण उघडलंस! पाप लागेल, बाई!" महाराज गरजले.

"लागू द्या मला. पर ह्यात कोळी म्हंजी माजा भाऊ, तर आळी कोन, तेवडं सांगा की!"

महाराजांनी अंगाऱ्याची मूठ उचलली. तेवढ्यात गर्दीतली म्हातारी ईरम्मा उठली, घरी जाऊन आपलं मडकं घेऊन आली आणि गादीपुढेच फोडलं. मग कुणी थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत पटांगणात नुसती खापरं उरली, आणि महाराज स्टेशनच्या वाटेला लागले.

मास्तर पुन्हा मागेच उभे होते. काशम्मा बायांना सांगत होती: माशी कशी झुंजती, कशी उलट्या पावलांनी ओढत नेती. शब्दन् शब्द मास्तरांचा! आणि लोक डोळे विस्फारून ऐकत होते. मास्तरांच्या पोटात पुन्हा बारीक कळ आली.

"ऐकत होतीस की सगळं," घरी जाताना ते कुरकुरले.

"ऐकत व्हते. पर तुमी नुसतं सांगत व्हता. एकदा माळावर नेऊन दावलं असतं तर?"

पुढच्या रविवारी माळावर दोघं गेली.

तेव्हा वाचकहो, झाकलेलं मडकं हातात देऊन कुणी 'उघडू नका' म्हणालं, तर ते आधी उघडा. देव असला तर कुठं जात नाही. आळी असली तर डोळ्यांना दिसेल.