पियानो शिकवणाऱ्याची बायको

“नाही हो, बाळाची हाडं काही ते कडकड मोडत नाहीत,” नवऱ्याच्या दवाखान्यातल्या टेबलाशी बसून ऑड्री फोनवर सांगत होती. “इतका हलका हात असतो, की तुम्हाला वाटेल नुसतंच धरून बसलेत. बाळ तुमच्याच मांडीवर राहील, मध्येच पाजलंत तरी चालेल. पण आधी डॉक्टरांना दाखवलंय ना? रडणं थांबेलच असं मी नाही सांगणार हं. आणि तुमचीही कंबर दाखवायची म्हणालात, तर मोठ्या माणसाला पहिल्या वेळी तासभर लागतो. आधी सगळं विचारतात, मग उभं करून, वाकवून बघतात. थोडे कपडे उतरवावे लागतात, त्यात लाजायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल. ठणकू द्या.”

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला होता. उजव्या हाताने ती वही उलटत होती, कारण डाव्या हाताची बोटं सकाळपासून बधिर होती. कोपरापर्यंत मुंग्या, आणि मानेत कुणी खुंटी ठोकल्यासारखी कळ.

समोरच्या खुर्चीत बसलेला रेग, ज्याची खेकड्यांची होडी आहे, हे सगळं ऐकून हसला. “तुझं बरंय बाई. आम्ही पैसे मोजायचे, रांगेत बसायचं. तुला काय, हाडं-सांधे हाताने बसवणारा ऑस्टिओपॅथ घरातच! रात्री नुसतं पालथं पडायचं.”

“हो ना,” ऑड्री म्हणाली.

हा विनोद आमच्या क्रोमर गावात प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच सुचला.

खरी गोष्ट अशी, की ऑड्रीच्या नवऱ्याने, डेस्मंड टपलिनने, तिच्या पाठीला उपचार म्हणून कधी बोटही लावलं नव्हतं. लग्न झालं तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं, घरच्या माणसावर हात चालवायचा नाही, अंदाज चुकतो. नव्या नवरीला ते मोठं तत्त्वाचं वाटलं. शिवाय हात म्हणजे त्याची रोजीरोटी. ते जपायला हवेत. म्हणून बरणीचं झाकण ती उघडायची. कोळशाची बादली ती आणायची. गादी ती उलटायची, उपचाराचं टेबल सरकवायचं झालं तरी तीच सरकवायची. संध्याकाळी डेस्मंड शेवटच्या पेशंटला निरोप देऊन वर घरात यायचा आणि गरम पाण्याच्या पिशवीवर दोन्ही पंजे ठेवून बसायचा. ते पंजे साऱ्या गावाची दुखणी ओळखायचे. कोण रात्री दात खातं, कुणाचा कोणावर राग आहे, हेसुद्धा त्यांना कळायचं म्हणे. त्या पंजांपासून हातभर अंतरावर ऑड्री बटाटे सोलत बसायची आणि तिला कधीकधी इतका संताप यायचा, की सुरी खाली ठेवावी लागायची. तिला फार काही नको होतं. आपल्याला काय होतंय हे त्याने एकदा स्वतःहून ओळखावं, एवढंच.

एके दिवशी बरणी तिच्या बधिर हातातून निसटून फुटली. त्याच आठवड्यात तिने केस कापायला जाते म्हणून सांगितलं आणि बसने शेजारच्या होल्ट गावाला गेली. तिथे इमोजन नावाच्या एका तरुण बाईने असाच नवीन दवाखाना थाटला होता. ऑड्रीने माहेरचं आडनाव सांगितलं.

काय काय होणार ते तिला तोंडपाठ होतं. तरी कार्डिगनची बटणं सोडायची वेळ आली, तेव्हा तिचे कान तापले. अंतर्वस्त्राचा एक पट्टा तिने पिनेने टाचलेला होता. लाजायचं काही नाही, असं आपण किती सहज सांगत आलो!

“जड काय उचलता दिवसभरात?” इमोजनने विचारलं.

“थोडंफार. कोळसा. टेबल.”

“मिस्टर हातभार नाही लावत?”

“त्यांचे हात नाजूक आहेत.”

“का? करतात काय ते?”

ऑड्री गडबडली. “पियानो शिकवतात,” ती म्हणाली.

“अरे वा,” इमोजन म्हणाली आणि तिने एक भुवई वर केली.

मग तिने ऑड्रीला उताणं झोपवलं, डोक्याशी बसली आणि दोन्ही हात मानेखाली सारले. हात ऊबदार होते. इमोजन काही करत नव्हती, नुसती धरून होती. मग तिने मान हळूच एका बाजूला नेली, मानेखालच्या पहिल्या बरगडीवर अंगठा ठेवला आणि श्वास सोडायला सांगितला. आत कुठेतरी काहीतरी सुटलं. ऑड्रीच्या डोळ्यांतून पाणी थेट कानात गेलं.

“होतं असं लोकांना कधीकधी,” इमोजन म्हणाली.

“माहितेय मला,” ऑड्री म्हणाली. कसं माहीत, ते मात्र तिने सांगितलं नाही.

निघताना इमोजनने बजावलं, दोन आठवड्यांत मुंग्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं, अंगावर काढायचं नाही. परतीच्या बसमध्ये ऑड्रीने डावा हात मांडीवर ठेवला आणि एकेक बोट हलवून पाहिलं. तिला आनंद झाला होता आणि चोरी केल्यासारखंही वाटत होतं. केस मात्र होते तेवढेच होते. डेस्मंडच्या ते लक्षात आलं नाही.

रविवारी ती ओव्हनपाशी वाकून मांस बघत होती. डेस्मंडला कपाटातून मोहरी हवी होती. तिला बाजूला सरकवायला त्याने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. सरकवलं नाही. बोटं मानेकडे गेली आणि तिथेच थांबली.

“इथे कुणाचा हात लागलाय?”

ऑड्री सरळ झाली. “काय?”

“कुणीतरी काम केलंय इथे. बरगडी मोकळी केलीय.” त्याचा आवाज चढला. “होल्टची ती पोरगी?”

“हो.”

“माझी बायको होल्टला जाते! लोकांना कळलं तर काय म्हणतील? चांभाराच्याच बायकोचा जोडा फाटका? मला सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं होतं. मागच्या हिवाळ्यात. तू म्हणालास, उशी बदल.”

मोहरी न घेताच डेस्मंड टेबलाशी जाऊन बसला. जेवताना त्याने दोनदा तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मांस कापायचं काम वर्षानुवर्षं तीच करायची, तेही त्याला आजच दिसल्यासारखं झालं.

“उद्या ये खाली,” तो म्हणाला. “अकराला.”

“अकराला रेग आहे.”

“मग सगळे गेल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती आत गेली. आपल्या हाताने रोज बदलायची त्याच चादरीवर ती आडवी झाली. या टेबलावरून छत कसं दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. डेस्मंड पाठमोरा उभा राहून हात धूत होता. काय बोलावं हे त्याला सुचत नसावं, कारण त्याने सवयीचं तेच सुरू केलं, जे तो सगळ्यांना विचारायचा, त्याच क्रमाने, त्याच मऊ आवाजात.

“कधीपासून दुखतंय?”

“चार-पाच वर्षं झाली.”

“रात्री जाग येते?”

“रोज.”

“उठून काय करता मग?” सवयीने तो ‘अहो’वर गेला होता.

“स्वयंपाकघरात जाऊन चहा करते.”

“घरी मदतीला कोण असतं?”

ऑड्रीने छताकडे पाहिलं. खोटं बोलायला हवं होतं, पण आडवं पडल्यावर माणसाला ते जमत नाही.

“कुणी नसतं,” ती म्हणाली.

डेस्मंडने गार पाण्याचा नळ बंद केला. तो येऊन तिच्या डोक्याशी उभा राहिला, पण त्याने हात पुढे केले नाहीत. ते त्याने छातीशी धरले होते आणि एकमेकांवर चोळत होता.

“फार गार आहेत गं,” तो म्हणाला.

“होऊ देत गरम,” ऑड्री म्हणाली. “थांबते मी.”