दोघींच्या पाळ्या

रामटेकच्या पलीकडच्या टेकडीत मँगनीज निघायचं. इंग्रजांच्या काळात कंपनीने टेकडीपासून मोठ्या लाइनच्या साइडिंगपर्यंत अरुंद रूळ टाकले होते, आणि त्यावर कोळशाचं छोटं इंजिन लोखंडी डबे ओढायचं. ते इंजिन शालिकराम चालवायचा. सकाळी रिकामे डबे वर जायचे तेव्हा त्यात छटाईच्या बाया बसून कामावर जात. पहिल्या डब्यातली इंजिनाजवळची जागा त्याच्या बायकोची, गोपिकेची. ठिणग्या उडून लुगड्याला भोकं पडायची, पण तिने जागा सोडली नाही. आपण ड्रायव्हरची बायको आहोत हे कोणी विसरलेलं तिला चालत नसे.

छटाई शेडमध्ये बाया ढिगापुढे बसून हातोडीने दगड फोडून निवडत. काळा जड तुकडा घमेल्यात, हलका गोटा मागे. गोपिकेचं घमेलं सगळ्यांच्या आधी भरायचं. धाकटा दीर चंद्रभान लग्न करून शामलाला घेऊन आला, तेव्हा तिला हे काम गोपिकेनेच शिकवलं.

"डोळ्यावर जाऊ नको वं. हातात घेऊन तोल. जड लागला का आपला," ती सांगायची.

शामला हसतमुख होती, चौथीपर्यंत शिकलेली होती. दोघींचं बरं जमायचं. शामलाला मुलगा झाला, त्याचं नाव सुमेध ठेवलं. शेडच्या खांबाला झोळी बांधून ती त्याला त्यात निजवायची. गोपिकेला मूल नव्हतं. झोळीची दोरी दोघींपैकी जिचा हात रिकामा असेल ती ओढायची.

बाहत्तर साली शेडच्या खाली धुण्याचा कारखाना उभा राहिला. दगड पाण्याने धुऊन, चाळून रबराच्या चालत्या पट्ट्यावर पडायचा, आणि दोन्ही बाजूंना उभ्या बायांनी त्यातले गोटे उचलून बाहेर टाकायचे. धोंडबा फोरमनने पट्ट्यासाठी बाया निवडायला घेतल्या. मुकादमीण गोपिकाच होणार हे सगळ्यांनी धरलं होतं, तिनेही.

ती उभी राहिली. पट्टा चालू झाला. सुरुवातीला तिने भराभर गोटे उचलले. मग पट्टा थांबलाय आणि आपणच मागे चाललोय असं तिला वाटायला लागलं. तिने कठडा धरला, डोळे मिटले, आणि सगळ्यांदेखत बाजूला जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

शामलाला काही झालं नाही. तिचे हात पट्ट्यावर पाखरासारखे उतरत होते. धोंडबाने तिलाच मुकादमीण केलं, आणि तिला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले.

त्या बुटांनी गोपिकेचा जीव खाल्ला. संध्याकाळी शामला ते धुऊन ओट्यावर उलटे ठेवायची, आणि गोपिका पाणी भरायला दुसऱ्या दाराने जायची. एकदा जेवताना शालिकराम सहज म्हणाला, "शामलानं पट्टा चांगला सांभाळला गा चंद्रभान. साहेब खूश आहे." गोपिकेने भाकर त्याच्या ताटात वरूनच टाकली.

पट्ट्याजवळ लेकरू न्यायची मनाई होती. म्हणून शामला म्हणाली, "बाई, सुमेधले तुमच्याजोळ ठेवता का शेडात?"

नाही म्हणायचं गोपिकेच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिच्या मनात आलं, ही मुकादमीण झाली खरी, पण दिवसभर लेकरू तर माझ्याकडे राहील. ती म्हणाली, "ठेव."

पोरगं तिच्या अंगाखांद्यावर वाढायला लागलं. तिच्या काळ्या बोटांनी भरवलेला भात त्याला गोड लागायचा. एका दुपारी खांब सोडून तो तिच्याकडे चालत आला आणि मांडीवर पडला. परतीच्या गाडीत सगळ्या बायांसमोर तिने शामलाला सांगितलं, "आज चालला तुहा पोरगा. तू खाली होती."

शामला हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. गोपिकेने ते नीट पाहून घेतलं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढे तो बोलायला लागला तेव्हा गोपिकेला माय म्हणू लागला. शामला त्याला घ्यायला यायची, तर तो गोपिकेच्या पदरात तोंड खुपसायचा. शामला त्याला ओढून न्यायची. तिचं हसणं कमी झालं होतं. बूटही ती आता न धुता कुठेही टाकायची.

मग वरून ट्रक यायला लागले. खाणीपासून थेट कारखान्यापर्यंत आणि तिथून मोठ्या लाइनच्या साइडिंगपर्यंत सडकेने माल जाऊ लागला. गाडी बंद झाली. मजुरांनी रूळ उपटून एका बाजूला रचले. शालिकरामला पाण्याच्या पंपावर बसवलं. तो ड्यूटीवरून आला की कोणाशी बोलत नसे. पाठोपाठ छटाई शेडही बंद होणार असल्याचं कळलं, कारण सगळं काम पट्ट्यावरच व्हायला लागलं होतं.

शेवटच्या आठवड्यात शामला गोपिकेजवळ येऊन बसली.

"बाई, मी धोंडबाले तुमचं नाव सांगून आली. पट्ट्यावर नाही. खाली चाळणीजोळ उभं राहायचं काम आहे, तिथं डोळ्यापुढं पट्टा सरकत नाही. बूट भेटतील."

इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर आलं होतं. गोपिका म्हणाली, "अन् सुमेध?"

"सासूबाई पाहतील."

"त्याईले दिसते कुठं? परवा चुलीत पाय देत होत्या."

शामलाने सुमेधकडे पाहिलं. गोपिका तिच्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं. काम द्यायला ही आली नव्हती, पोर सोडवायला आली होती.

"तू माह्यासाठी नाही सांगितलं नाव," गोपिका म्हणाली.

"नाही," शामला म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "तो राती माह्याजोळ झोपत नाही, बाई. तुमचं नाव घेऊन रडते. मी पट्ट्यावर उभी राहते अन् वर शेडाकडे पाहत राहते. तुमच्यावर जळून राहिली मी."

गोपिकेने हातातला दगड खाली ठेवला. "मीबी जळली," ती म्हणाली. "तुह्या बुटावर. म्हणूनच ठेवलं होतं त्याले."

 सुमेध ढिगाऱ्यावरून घसरत खेळत होता.

कारखान्यात बायांच्या पाळ्या दोन होत्या, सकाळची आणि दुपारची. गोपिका स्वतः धोंडबाकडे गेली आणि तिने सकाळची मागून घेतली. शामलाने दुपारची घेतली. सकाळी पोर आईजवळ, दुपारनंतर गोपिकेजवळ. घरी अंजनाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे मुळीच पटलं नाही. जावांनी असं वाटून घेतलेलं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं.

पहिले काही दिवस वाईट गेले. सकाळी गोपिका निघाली की सुमेध दारापर्यंत रडत यायचा, आणि शामला त्याला कडेवर घेऊन आत न्यायची, त्याचे गुद्दे खात. गोपिकेला ते रडणं चाळणीच्या आवाजातही ऐकू यायचं, आणि त्यात तिला थोडा आनंदही व्हायचा. मग एके दिवशी तो रडला नाही. ती वळून बघत राहिली. शामला त्याला अंगणात आंघोळ घालत होती, आणि तो पाणी उडवत होता.

त्या दिवशी चाळणीवर गोपिकेचं लक्ष नव्हतं. पाळी सुटल्यावर ती घराकडे निघाली, तर वाटेत शामला कामावर येताना दिसली.

"झोपला आहे," शामला म्हणाली. "उठला का तुम्हालेच शोधते तो. मोठी माय कुठं गेली म्हणून सकाळपासून तीनदा विचारलं."

"मोठी माय कोणं शिकवलं त्याले?"

"मी."

 शामलाला पाळीवर जायला उशीर होत होता. तिने पदर खोचला आणि ती उतारावरून खाली गेली. गोपिका घराकडे वळली, पोर जागं व्हायच्या आत पोचायचं म्हणून भरभर.