कोरडी ठेवलेली फट

बोटी दुरुस्त करण्यात सुताराचा हात धरणारा अख्ख्या बंदरात कोणी नव्हता, आणि त्याचा त्याला तोराही होता. एकदा एक बोटमालक चारचौघांत थट्टेने म्हणाला, "तुम्ही दुरुस्त केलेली बोट म्हणजे चाळणी!" तेव्हा सगळे हसले, पण सुताराच्या ते काळजात रुतलं.

आठवड्याभरात त्याच मालकाची जुनी बोट दुरुस्तीला आली. फटीत कापूस ठासायचा, वर डांबर, मग रंग. सुताराने सगळ्या फटी भरल्या. तळाजवळची एक मात्र कोरडीच ठेवून रंगवून टाकली. चाळणी म्हणतोस ना, मग बस दिवसभर पाणी उपसत! बोट बुडावी असं त्याच्या मनातही नव्हतं.

बोट समुद्रात गेली त्या दुपारी त्याची धाकटी बहीण कारखान्यात आली. "दादा, ह्यांच्या बोटीचं इंजिन बिघडलंय, म्हणून आज त्या मालकाबरोबर गेलेत. म्हणाले, तुझ्या भावानेच दुरुस्त केलीय, मग काळजी कसली?"

सुतार हातातला रंधा टाकून धावत सुटला. शेजाऱ्याची होडी काढून तो समुद्रात गेला. दिवस कलताना मालक सापडला, एका फळीला धरून. एकटाच.

"तासभर धरून ठेवलं होतं हो तुमच्या मेव्हण्यांना," मालक हुंदके देत म्हणाला. "शेवटी हात सुटला. बोट जुनी होती, मी न्यायलाच नको होती. मला माफ करा."

"तुमचा काय दोष?" सुतार कसाबसा म्हणाला. पुढचं घशातच राहिलं.

ते दोन वर्षं तिथेच राहिलं. मालकाने समुद्र सोडला. बहिणीचं छप्पर शाकारून दे, सरपण आणून दे, असं त्याचं चाललेलं असायचं. एकदा बहीण म्हणाली, "बिचारा खंगत चाललाय रे."

मग मात्र सुताराने सगळं सांगून टाकलं.

तिने विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय बसलायस?"

मालकाने उंबऱ्यात उभं राहूनच ऐकून घेतलं. दोन थोबाडीत मारेल म्हणून सुतार मान खाली घालून उभा होता. मालक फक्त म्हणाला, "दोन वर्षं मला वाटतंय, मीच मारलं त्यांना." आणि त्याने दार लावून घेतलं.

बहीण अजून सुताराला घरात घेते, चहा देते. तो पिऊन होईपर्यंत ती अंगणात थांबते.